शरीररक्षकांची दिशाभूल

शरीरात शिरलेल्या परक्या पदार्थास ओळखून त्यास चिकटणे हे रक्तातील प्रतिपिंडांचे कार्य होय. ही ओळख आकारावरून पटते. परंतु परक्याचा आकार स्वकीयासारखा असेल तर काय घडेल? आफ्रिकेतील ‘नदी-अंधत्व’ या रोगात याचे उत्तर मिळते.

वेगवान प्रवाहात वाढणारी काळी माशी चावली म्हणजे ऑन्कोसर्का कृमीच्या अळ्या माणसाच्या शरीरात शिरतात. पुढे या कृमीची मादी असंख्य सूक्ष्म डिंभ प्रसवते व ते त्वचेत आणि डोळ्यांत पसरतात. मरणाऱ्या डिंभांभोवती दाह होऊन बुबुळावरील पारदर्शक पटल हळूहळू अपारदर्शक बनते. शिवाय, कृमीच्या एका प्रथिनाचे दृष्टिपटलातील प्रथिनाशी साम्य असल्याने कृमीविरुद्ध निर्माण झालेले प्रतिपिंड दृष्टिपटलातील प्रथिनासही चिकटतात, असे प्रयोगांत आढळले आहे.

याच कृमीचा प्रादुर्भाव असलेल्या युगांडा, दक्षिण सुदान व टांझानिया येथील काही भागांत मुलांना एक प्रकारचा अपस्मार जडतो. त्यात मान वारंवार पुढे झुकते. अशा अनेक मुलांच्या रक्तात चेतापेशींतील लियोमोडिन-१ या प्रथिनाविरुद्धचे प्रतिपिंड सापडल्याचे २०१७ साली प्रसिद्ध झाले. हे प्रतिपिंड कृमीच्या प्रथिनासही चिकटतात. तथापि हेच रोगाचे कारण असल्याचे अद्याप निर्विवाद सिद्ध झालेले नाही.

आयव्हरमेक्टिन हे औषध डिंभांचा नाश करते. गेलेली दृष्टी मात्र ते परत देऊ शकत नाही. म्हणूनच शरीरात कृमींची संख्या वाढण्यापूर्वीच गावोगावी हे औषध पोहोचणे अगत्याचे आहे.