थकलेल्या बैलाची शुश्रूषा

दिवाळीच्या पाडव्याला गोव्यात आणि बेंदराच्या दिवशी बेळगावच्या सीमाभागात बैलाला न्हाऊ-माखू घालून त्याची पूजा केली जाते. परंतु तोच बैल थकला आणि नांगरटीला यंत्र आले, की त्याला दावणीवरून मोकळे सोडून देण्याचे प्रकार घडतात. प्राणी क्रूरता प्रतिबंध अधिनियम, १९६० अन्वये पाळलेल्या जनावराची निगा राखणे आणि त्याला अनावश्यक वेदना होऊ न देणे हे मालकाचे कर्तव्य आहे. भुकेने वा तहानेने त्याचे हाल होतील अशा स्थितीत त्याला विनाकारण सोडून देणे हा गुन्हा आहे. वृद्ध बैलाच्या सेवेला मोठा खर्च लागत नाही. तिला नित्याची देखरेख लागते.

वार्धक्याची लक्षणे

बैल जुळला म्हणजे त्याच्या आठही पटाशीच्या दातांची वाढ पूर्ण झाली असे समजतात. पुढे हे दात झिजत जातात, त्यांच्यात फटी पडतात व ते हलू लागतात. चघळणे नीट न झाल्याने वैरण अर्धवट पोटात जाते, शेणात लांब काड्या दिसतात आणि अंग खंगत जाते. उठताना लागणारा वेळ, सांध्यांची सूज आणि रवंथ मंदावणे यांकडेही लक्ष ठेवावे. उतारवयातील बैलांत शिंगाचा कर्करोग आढळतो. बैल वारंवार डोके झटकू लागला, शिंग एका बाजूस कलू लागले किंवा त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येऊ लागले, तर विलंब न करता पशुवैद्यकास दाखवावे. रोग प्रारंभी लक्षात आल्यास शस्त्रक्रियेचा उपयोग होऊ शकतो.

चारा-पाणी

कडबा अथवा पेंढा बारीक कापून द्यावा. कोवळी हिरवी वैरण, भिजविलेली पेंड व कोंडा थोडा थोडा करून दिवसातून चार-पाच वेळा द्यावा. अशक्तपणा पाहून एकदम भरपूर धान्य चारू नये. त्यामुळे पोटात आम्लता वाढून जनावर दगावू शकते. पाणी तोंडाजवळ असावे, थंडीत ते कोमट करून द्यावे. तरण्या जनावरांशी स्पर्धा करावी लागू नये म्हणून थकलेल्या बैलाची गव्हाण वेगळी ठेवावी. काम थांबले म्हणून लाळ्या-खुरकूत व घटसर्पाच्या लसी थांबवू नयेत.

बसलेल्या बैलाची काळजी

बैल उठेनासा झाला तर प्रथम पशुवैद्यकास बोलवावे. कारण उपचाराने बरे होण्यासारखे असू शकते. फरशी वा दगडी जमिनीवरून हलवून त्याला वाळलेल्या पेंढ्याचे जाड अंथरूण द्यावे आणि ओले झालेले अंथरूण रोज बदलावे. त्याला आडवा पडू न देता छातीवर बसता ठेवावे व दोन्ही बाजूंना पेंढ्याच्या भाऱ्यांचा आधार द्यावा. दर तीन-चार तासांनी कूस पालटावी. एकाच अंगावर शरीराचा भार राहिला तर स्नायू निकामी होतात आणि कातडीवर जखमा पडतात. आडव्या पडलेल्या बैलाच्या तोंडात बांबूच्या नळीने पाणी वा औषध ओतू नये. ते फुप्फुसात जाते. शेपटी पिरगाळून त्याला उठविण्याचा प्रयत्न करणे क्रूरपणाचे असून त्याचा उपयोगही होत नाही.

वेदनाशामक औषध आणि गिधाडे

वेदना कमी करणे हा शुश्रूषेचा मुख्य भाग आहे. तथापि येथे एका चुकीची किंमत फार मोठी पडली आहे. डायक्लोफेनॅक दिलेले जनावर लवकरच मेले आणि त्याचे मांस गिधाडांनी खाल्ले, तर त्यांची मूत्रपिंडे निकामी होऊन ती मरतात, हे २००४ मध्ये सिद्ध झाले. तोपर्यंत भारतातील पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची बहुतांश संख्या नष्ट झाली होती. २००६ मध्ये जनावरांसाठी या औषधावर बंदी आली. माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जात असल्याने २०१५ मध्ये त्याच्या इंजेक्शनची बाटली तीन मिलिलिटरपुरती मर्यादित करण्यात आली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसिक्लोफेनॅक यांचाही जनावरांसाठी वापर बंद झाला. मेलॉक्सिकॅम हे औषध गिधाडांना सुरक्षित आढळले आहे. म्हणून दुकानातून परस्पर इंजेक्शन न आणता पशुवैद्यकाकडूनच औषध घ्यावे, व ते कोणते हे विचारून घ्यावे.

अखेरची व्यवस्था

बैलाने खाणे-पिणे सोडले, रवंथ थांबली आणि औषधानेही वेदना शमेनात, तर पुढे काय करावे हे पशुवैद्यकाच्या सल्ल्याने व कायद्याच्या मर्यादेत ठरवावे. तोवर सावली, पाणी, स्वच्छ अंथरूण आणि ओळखीच्या माणसाचा वावर यांत खंड पडू देऊ नये. मृत्यूनंतर शव पाण्याच्या स्रोतापासून दूर, खोल खड्ड्यात चुना टाकून पुरावे. जनावर अचानक मेले असेल आणि नाक, तोंड वा गुदद्वारातून न गोठणारे काळसर रक्त येत असेल, तर फाशी रोगाचा संशय घ्यावा. अशा शवाची कातडी सोलू नये, ते फाडूही नये. त्वरित दवाखान्यास कळवावे.

शिक्षकांनी ही माहिती शाळेतील मुलांपर्यंत पोहोचवावी व ग्रामसेवकांनी ती ग्रामसभेत वाचून दाखवावी. पुष्कळ घरांत म्हाताऱ्या बैलाला चारा-पाणी देण्याचे काम मुलेच करतात. त्यांनी ही सेवा नीट शिकून घेतली, तर उद्या दावणीवरचे कोणतेही थकलेले जनावर रस्त्यावर येणार नाही.