अंश, कला, विकला : रूपांतरातील एक नेहमीची चूक

मोबाइलवरील नकाशात नवी मुंबईतील बेलापूरचा अक्षांश सुमारे 19.02 अंश उत्तर असा दिसतो. विद्यार्थी तो बेधडक 19 अंश 2 कला असा वाचतात. येथे पैशांच्या हिशेबाची सवय नडते. रुपयाचे पैसे 100. परंतु अंशाच्या कला (मिनिटे) 60 व कलेच्या विकला (सेकंद) 60. यास्तव पूर्णांक तसाच ठेवून केवळ अपूर्णांकास 60 ने गुणावे : 0.02 × 60 = 1.2 कला, पुन्हा 0.2 × 60 = 12 विकला. म्हणजे 19 अंश 1 कला 12 विकला.

चूक 48 विकलांची. कोनमापकावर ती दिसणारही नाही. परंतु अक्षांशाची एक कला म्हणजे भूपृष्ठावर सुमारे 1852 मीटर, तेव्हा बेलापूर जवळजवळ दीड किलोमीटर उत्तरेस सरकते! (रेखांशाच्या कलेचे अंतर मात्र ध्रुवांकडे कमी होत जाते.) शाळेपासून दीड किलोमीटरवरील ओळखीचे ठिकाण मुलांना विचारावे.

उलट रूपांतराचा आरंभ विकलांपासून करावा : 12 ÷ 60 = 0.2, मग 1.2 ÷ 60 = 0.02. पंचांगातील ग्रहस्थितीही याच मापांत असते. त्यातील एखादी संख्या सरावासाठी फळ्यावर घ्यावी.