सिग्नल आहे, पण पोचत नाही!

मित्रांनो, सकाळी फ्रेश असलेल्या रूम पार्टनरच्या पापण्या संध्याकाळी मिटायला लागतात, मेसमध्ये पोळी चावता चावता त्याचा जबडा दमतो. आपण लगेच म्हणतो, "काय आळशी आहे यार!" पण हा मायस्थेनिया ग्रॅव्हिस असू शकतो.

आपल्या इंजिनीअरिंगच्या भाषेत सांगायचं तर सिग्नल ठीक, वायर ठीक, बिघाड रिसीव्हरमध्ये. नस ॲसिटिलकोलिन या रसायनामार्फत स्नायूला निरोप देते. या आजारात शरीराच्याच अँटीबॉडीज बहुधा तो निरोप घेणारे रिसेप्टर अडवतात, नष्ट करतात. म्हणून वापराने ताकद घटते व विश्रांतीने परत येते. हीच मुख्य खूण.

१९३४ मध्ये इंग्लंडमध्ये डॉ. मेरी वॉकर यांनी फायसोस्टिग्मिन देऊन ताकद परत येते हे दाखवलं. आजची पायरिडोस्टिग्मिन त्याच तत्त्वावर चालते: ॲसिटिलकोलिन जास्त वेळ टिकवते. असर काही तासच, म्हणून गोळीची वेळ चुकवायची नाही. अँटीबॉडीज आटोक्यात ठेवायला स्टिरॉइडसारखी औषधं. काहींना थायमस ग्रंथीचं ऑपरेशन.

हॉस्टेलवाल्यांनो, दोन गोष्टी पाठच करा. सिप्रोफ्लॉक्सासिन, अझिथ्रोमायसिनसारख्या गोळ्यांनी हा आजार बळावू शकतो; तेव्हा आपल्या ड्रॉवरमधली गोळी अशा मित्राला देऊ नका. दुसरं, त्याला दम लागला किंवा गिळता येईना, तर "सकाळी बघू" म्हणू नका. रेक्टर सरांना उठवा आणि थेट हॉस्पिटल गाठा.

अमिताभ बच्चन यांना १९८४ मध्ये हाच आजार झाला होता. त्यानंतरही ते किती वर्षं काम करताहेत, हे आपण बघतोच!