जळका वास आणि फिरता पंखा

प्रश्न : बेंगळुरूत बेळ्ळंदूरला राहतो. डिझेल एसयूव्ही २०२१ची. ऑफिस जेमतेम सहा किलोमीटर, तेही आउटर रिंग रोडच्या गर्दीत. हल्ली घरी पोहोचल्यावर जळका वास येतो, गाडी बंद केली तरी पंखा फिरत राहतो. आग तर लागणार नाही ना? — एक वाचक

उत्तर : घाबरू नका, पण दुर्लक्षही नको. १ एप्रिल २०२०पासून प्रदूषणाचे बीएस-६ निकष आले आणि डिझेल गाड्यांत काजळी अडवणारा फिल्टर, म्हणजे डीपीएफ, रूढ झाला. साठलेली काजळी गाडी स्वतःच सुमारे ६०० अंश सेल्सिअसला जाळते. छोट्या, गर्दीतल्या फेऱ्यांमुळे तुमच्याकडे हे काम बहुधा अर्धवट तुटते; वास आणि फिरता पंखा ही त्याचीच खूण. धोका तिथेच आहे. काजळी भरपूर, ती पेटलेली, आणि इंजिन एकदम आयडलिंगवर आले की धुराचा झोत मंदावतो. उष्णता वाहून न्यायला कोणी नाही, शिवाय त्या धुरात ऑक्सिजन जास्त. तापमान १००० अंशांपुढे गेले तर आतले सिरॅमिक तडकते.

मेकॅनिकला स्कॅनर लावून फिल्टरच्या आधीचे-नंतरचे तापमान आणि दाबातला फरक पाहायला सांगा. काजळी जळत नसतानाही मागचे तापमान चढत असेल, तर इंजेक्टर किंवा टर्बो गळतोय का ते आधी तपासा. नुसता फिल्टर धुऊन देणाऱ्याच्या नादी लागू नका. डिपस्टिकवर ऑइल वाढलेले दिसले तर खूश होऊ नका, त्यात डिझेल उतरले असेल.

काजळी पूर्ण जळावी म्हणून रविवारी तुमकूरच्या बाजूला वीसेक मिनिटे सलग वेगात गाडी न्या. आणि वास येत असताना ती वाळल्या गवतावर उभी करू नका.