गाडीची श्वासनळी

बेंगळुरूच्या शिवाजीनगर भागातील गल्ल्यांतून जुन्या मोटारींच्या सुट्या भागांचा व्यापार चालतो. आडवाटेने भटकण्याची हौस असलेला एखादा जीपमालक तेथे पावसाळ्याच्या तोंडावर जाऊन उभा राहिला, तर त्याच्या मनात एक प्रश्न हमखास येतो : गाडीला स्नॉर्केल बसवावे की नाही? बॉनेटच्या बगलेतून निघून समोरच्या काचेच्या कडेने टपापर्यंत गेलेली ही काळी नळी गाडीला रुबाब आणते, यात शंका नाही. परंतु निर्णय घेण्यापूर्वी तिचे कार्य कोणते आणि तिची मर्यादा कोणती, हे समजून घेणे इष्ट होय.

स्नॉर्केल हे नाव पाणबुडीकडून आले. दुसऱ्या महायुद्धात पाण्याखाली राहूनही डिझेल एंजिने चालवता यावीत, म्हणून जर्मन पाणबुड्या एक नळी पृष्ठभागावर काढीत. मोटारीतही तत्त्व तेच. एंजिनाला इंधनाप्रमाणेच हवा लागते. अडीच लिटर क्षमतेचे साधे एंजिन मिनिटाला 2,000 फेरे घेत असेल, तर तेवढ्या वेळात ते अडीच हजार लिटरच्या आसपास हवा ओढते. ही हवा घेणारे तोंड बहुधा बॉनेटखाली असते. ते बुडाले, तर हवेच्या जागी पाणी ओढले जाते.

हवा दाबली जाते. पाणी जवळजवळ दाबले जात नाही. सारा अनर्थ या एका भेदातून उद्भवतो. वरील एंजिनाला चार सिलिंडर आहेत असे धरू. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला 625 घनसेंटिमीटर क्षमता आली. डिझेल एंजिनात हवा मूळच्या अठराव्या हिश्शाइतकी दाबली जात असेल, तर दट्ट्या अगदी वर पोचल्यावर उरणारी जागा अवघी 37 घनसेंटिमीटर भरते. याहून अधिक पाणी आत शिरले, म्हणजे जेमतेम दोन-तीन मोठे चमचे, की दट्ट्या अडतो आणि त्याचा दांडा वाकतो किंवा मोडतो. हवेचे तोंड टपापाशी नेले की ही आपत्ती टळते. शिवाय धुळीच्या वाटेवर उंचावरची हवा तुलनेने स्वच्छ मिळते. स्नॉर्केलचे कार्य एवढेच.

तथापि गाडी म्हणजे केवळ एंजिन नव्हे. गिअरबॉक्स आणि आस यांनाही हवेसाठी बारीक छिद्रे असतात. त्यांतून पाणी आत गेले तर तेल दुधाळ होते. विजेच्या जोडण्या भिजतात. पंख्याची पाती पाण्याच्या विरोधाने वाकू शकतात. पुण्याच्या फोर्स मोटर्सची गुरखा ही गाडी कारखान्यातूनच स्नॉर्केल लावून येते. परंतु तिच्यासाठी सांगितलेली पाण्याची मर्यादा 700 मिलिमीटर आहे. 2020 साली आलेल्या महिंद्रा थारची मर्यादा स्नॉर्केलविनाही 650 मिलिमीटर सांगितली गेली. नळीचे तोंड टपाशी, आणि पाण्याची मर्यादा मात्र मांडीपर्यंत! आपल्या प्रश्नाचे अर्धे उत्तर या तफावतीतच आहे.

उरलेले अर्धे उत्तर आर्किमिडीजच्या नियमात सापडते. चार मीटर लांब व 1.7 मीटर रुंद गाडीचा तळ पाण्यात 10 सेंटिमीटर बुडाला आणि पाणी अद्याप आत शिरले नसेल, तर सहाशे किलोग्रॅमहून अधिक भार पाणीच उचलून धरते. चाकांची पकड सुटते आणि वाहता प्रवाह गाडीला सहज ढकलू लागतो. त्या क्षणी एंजिन उत्तम चालत असले, तरी त्याचा उपयोग नसतो.

21 मे 2023 रोजी बेंगळुरूतच, के. आर. सर्कलच्या भुयारी मार्गात साचलेल्या पाण्यात मोटार अडकून एका तरुणीचा मृत्यू झाला. 26 जुलै 2005 रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस पडला. त्या दिवशीही बंद मोटारींत अडकून माणसे दगावली. अशा प्रसंगी एंजिनाचा श्वास चालू राहिल्याने आतील माणसाचा श्वास वाचत नाही.

मग निर्णय कसा करावा? ज्याला ठाऊक असलेल्या, उथळ आणि संथ ओढ्यांतून वारंवार जावे लागते, किंवा धुळीच्या वाटांवर सतत फिरावे लागते, त्याला स्नॉर्केल उपयोगी आहे. मात्र प्रत्येक सांधा हवाबंद हवा. एंजिन मंद चालू ठेवून नळीचे तोंड क्षणभर झाकले असता ते गुदमरून बंद पडू लागले, तर काम ठीक झाले असे समजावे; ते तसेच चालत राहिले, तर कोठेतरी गळती आहे आणि ती नळी केवळ शोभेची आहे. गिअरबॉक्स व आसांच्या छिद्रांनाही नळ्या जोडून त्या उंच नेल्या पाहिजेत. कायद्याचाही विचार हवा. 1988 च्या मोटार वाहन अधिनियमाचे कलम 52 उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत फेरबदलांना आळा घालते. म्हणून कारखान्यातून बसवून आलेली नळी आणि बाजारात बसवून घेतलेली नळी या एकच गोष्ट नव्हेत. परिवहन कार्यालयात आधी चौकशी करणे शहाणपणाचे.

ज्याची गाडी बहुतांशी शहरातच फिरते, त्याला स्नॉर्केलची गरज नाही. त्याने दोन नियम पाळावेत. पाण्याची खोली दिसत नसेल किंवा पाणी वाहते असेल, तर गाडी वळवावी. आणि पाण्यात एंजिन बंद पडलेच, तर ते पुन्हा सुरू करण्याच्या खटपटीत न पडता सर्वांनी आधी बाहेर पडावे. गाडी नंतर ओढून काढता येते.