शाकाहारी घरातले कोरियन जेवण

प्रश्न : मुलीला घरी कोरियन पदार्थ हवेत. ते सगळे मांसाहारी आणि जहाल तिखटच असतात ना? सासूबाईंना रक्तदाब आहे.
– एक वाचक, सातारा

उत्तर : तसे नाही. कोरियातील बौद्ध मठांचे जेवण शाकाहारी असते आणि रोजच्या ताटातल्या ‘नामुल’ भाज्या बऱ्याचदा बिनमिरचीच्याच असतात. पालकाचे नामुल सर्वांत सोपे. पालक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवून लगेच गार पाण्यात काढावा, घट्ट पिळावा. मग ठेचलेला लसूण, सोया सॉस, तिळाचे तेल आणि भाजलेले तीळ घालून हाताने हलके कालवावे. कोरियन तेल भाजलेल्या तिळांचे असते. साधे तेल असल्यास तीळ जरा अधिक खरपूस भाजावेत. सोया सॉस फार खारट असतो. सासूबाईंसाठी त्याचे काही थेंबच पुरेत, वेगळे मीठ नको. विकतच्या किमचीत, म्हणजे आंबवलेल्या कोरियन भाजीत, बहुधा मासळीचा सॉस किंवा खारवलेला जवळा असतो. वेष्टन वाचूनच ती घ्यावी.