विमानातील एक-दशांश हिस्सा

इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला माझा भाचा भूलतज्ज्ञ आहे. वैमानिकाचा परवाना मिळाल्यावर दहा जणांच्या मालकीच्या एका सेस्ना १७२ विमानात हिस्सा घेण्याचे त्याने ठरविले व कराराचा मसुदा मला धाडला. वर लिहिले होते, ‘मामा, सामाईक मालकीत पोळलेले आपल्या घरात तुम्हीच.’

आपल्याकडे हौशी वैमानिक बहुधा फ्लाइंग क्लबातच घडतो. जे. आर. डी. टाटा मुंबईच्या क्लबात शिकले आणि १९२९ साली भारतातील पहिला परवाना त्यांना मिळाला. ब्रिटनमध्ये मात्र सामाईक विमानाची प्रथा रूढ आहे; खाजगी गटात साधारणपणे २० पर्यंत मालक असतात. हिश्श्याची किंमत एकदाच द्यावयाची. विमा, हँगर, वार्षिक तपासणी यांसाठी दरमहा वर्गणी, आणि उड्डाणाच्या तासांप्रमाणे निराळे पैसे.

मसुद्यात किंमत ठळक होती. मी शोधत होतो तो इंजिननिधी. अशा विमानांतील अनेक लायकमिंग इंजिनांची पूर्ण दुरुस्ती उत्पादक सुमारे २००० तासांनी सांगतो. इंजिन १५०० तास चालले असेल, तर त्या खर्चाचे तीन-चतुर्थांश पैसे शिलकेत हवेत. नसतील तर स्वस्त हिस्सा घेणारा पूर्वीच्या मालकांचे देणे फेडतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, इंजिन न चालविल्यानेही बिघडते. वरच्या बाजूस असलेल्या कॅमशाफ्टवरील तेल ओघळून जाते आणि दमट हवेत गंज धरतो.

हे वाचताना मला २००६ सालचा पावसाळा आठवला. अळणावर, हल्याळ व दांडेली येथील आम्ही पाच डॉक्टरांनी मिळून नवजात बालकांना नेण्यासाठी एक फिरता इन्क्युबेटर घेतला होता. खरेदीच्या कागदावर पाच सह्या होत्या. बॅटरी चार्ज करण्याचे काम कोणाच्याच नावावर नव्हते. प्रत्येकाला वाटे, दुसरा पाहत असेल. १४०० ग्रॅम वजनाच्या बाळाला धारवाडला हलविण्याच्या रात्री यंत्र सुरू केले, तर बॅटरी मृत. अखेर बाळाला आजीच्या उघड्या छातीशी बिलगवून, वरून शाल गुंडाळून आम्ही निघालो. पोहोचलो तेव्हा बाळाचे तापमान ३५.२ अंश होते. बाळ वाचले, पण त्यात आमच्या यंत्राचे श्रेय काहीच नव्हते. पुढे आमच्यापैकी एकाला हिस्सा काढून घ्यावयाचा होता, तर किती रक्कम द्यावी हेही कोठे लिहिलेले नव्हते. त्या वादात एक जुनी मैत्री गेली.

म्हणून भाच्याला मी चारच गोष्टी विचारावयास सांगितल्या: देखभाल नेमकी कोणाकडे, निधीत किती शिल्लक, अपघात झाल्यास विम्याबाहेरची रक्कम कोण भरणार, आणि बाहेर पडणाऱ्याचा हिस्सा कोण व कोणत्या दराने घेणार. शिवाय लॉगबुकातील एकूण तासांपेक्षा गेल्या वर्षाचे तास आधी पाहा, असेही लिहिले.

आठवड्याने त्याचा फोन आला. वर्षभरात विमान अवघे ११ तास उडाले होते, निधी जवळजवळ रिकामा होता. तो हिस्सा त्याने घेतला नाही. आता दुसऱ्या एका गटात आहे. हिस्सा महाग पडला, परंतु देखभालीची जबाबदारी तेथे एका निवृत्त अभियंत्याच्या नावे लिहून दिलेली आहे.